टेस्टसाठी बॅच फाइल लिहिणाऱ्याला ऑटोमेशन येत नाही?

हिंजवडीकर: काल इथे कुणीतरी लिहिलं, ‘जो अजून बॅच फाइल लिहितो त्याला ऑटोमेशन येतच नाही.’ तेव्हापासून डोकं फिरलंय. आमची रात्रीची रिग्रेशन, म्हणजे जुनं काही मोडलं नाही ना हे पाहणाऱ्या टेस्ट, ६ वर्षं एकाच बॅच फाइलवर, म्हणजे विंडोजच्या आज्ञा ओळीनं लिहिलेल्या फाइलवर चालते. जुने क्रोमड्रायव्हर (टेस्टसाठी क्रोम चालवणारे प्रोग्राम) मारते, गिट पुल करून नवा कोड आणते, मेव्हननं टेस्ट चालवते, रिपोर्ट फोल्डरमध्ये टाकते. विंडोजचा टास्क शेड्युलर ती २ वाजता सुरू करतो. नवं पोरगं नोटपॅडमध्ये उघडून अर्ध्या तासात समजून घेतं. आणखी काय यायला हवं?

खराडीकर: ते वाक्य माझंच. चालते हो, पण टेस्ट नापास झाल्या की सांगते का? आमच्याकडे मेव्हननंतर एक्सकॉपीची, म्हणजे फाइल कॉपी करायची ओळ होती. टेस्ट आपटल्या, कॉपी नीट झाली, एररलेव्हल (शेवटच्या आज्ञेचा निकाल सांगणारा आकडा) ०, म्हणजे ‘ठीक’. तो पाहून आमची फाइल चालवणारं जेनकिन्स हिरवंगार. ३ आठवडे! ग्राहकाकडे चुकीची बिलं गेली आणि मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर झापलं मला.

हिंजवडीकर: मेव्हन संपल्याबरोबर एररलेव्हल व्हेरिएबलमध्ये ठेवायचा, शेवटी फाइल संपवणाऱ्या ‘एक्झिट /बी’नं तोच परत द्यायचा. २ ओळींचं काम.

पेठेतला: आणि त्या ओळी इफच्या कंसात लिहिल्या तर? टक्क्याच्या चिन्हांमधल्या व्हेरिएबलची किंमत अख्खा कंस वाचतानाच भरली जाते. डिलेड एक्स्पान्शन (किंमत ओळ चालताना भरायची सोय) नसेल तर जुनाच आकडा हाती येतो. शिवाय विंडोजवर मेव्हन स्वतःच सीएमडी फाइल, म्हणजे बॅच फाइलच. आधी ‘कॉल’ नसेल तर पुढच्या ओळी चालतच नाहीत, आणि एररही दिसत नाही. हे अर्ध्या तासात कुणाला कळतं?

वाकडची: ‘क्रोमड्रायव्हर मारते’ वाचून अंगावर काटा आला. आमचं मशीन दोन टीममध्ये एकच. शेजारच्या टीमची फाइल ॲडमिन म्हणून टास्ककिलनं सगळे क्रोमड्रायव्हर बंद करायची, आमचेही ड्रायव्हर जायचे. २ महिने मी नेटवर्कवाल्यांशी भांडत होते.

खराडीकर: वेगळं मशीन का मागितलं नाहीत?

वाकडची: ३ मेल टाकल्या! डेव्हलपरला दोन-दोन मॉनिटर, टेस्टरला कोपऱ्यातला जुना डबा.

खराडीकर: मी डेव्हलपर आहे. मशीन मी वाटत नाही.

वाकडची: पण ‘येतच नाही’ तुम्हीच लिहिलंत ना? असं बोललं जातं म्हणूनच आम्हाला मशीन मिळत नाही.

खराडीकर: बरं, ‘येतच नाही’ मागे घेतो. एररलेव्हलचं घेणार नाही.

हिंजवडीकर: आत्ता आमची फाइल उघडून पाहिली. मेव्हननंतर एक्सकॉपीच आहे, शेवटी एक्झिट नाही. रोज सकाळी रिपोर्ट मी स्वतः वाचतो म्हणून निभावलं. त्या २ ओळी आज घालतो. फाइल मात्र राहणार.