टाके निघाले, आता कामावर कधी? ऑपरेशननंतर परत रुजू होतानाचे अनुभव

पावटा

मध्यंतरी माझं पित्ताशय काढलं, दुर्बिणीतून. दुर्बिणीतून झालंय म्हटलं की समोरच्याची काळजी जागच्या जागी संपते, मग काय सोमवारी येताय ना? अहो बाहेर चार भोकं दिसतात म्हणून, आतून अवयव काढलाय तो काढलाच आहे की. पोट फुगवायला कार्बन डायऑक्साईड भरतात, त्यातला थोडा उरतो आणि श्वासपटलाला त्रास देतो, दुखतो मात्र उजवा खांदा, आणि त्या रात्री मी हार्ट अटॅक समजून बायकोला उठवून बसवलं होतं. ते दोनतीन दिवसांत गेलं. ऑफिसात जे झालं ते कुणीच सांगितलं नव्हतं. सकाळी एकदम फ्रेश, आणि दुपारी तीनला बॅटरी डाऊन, स्क्रीनवरची अक्षरं दिसतायत पण डोक्यात काही शिरत नाही. शिवाय कँटीनमधलं तळलेलं काही खाल्लं की दहा मिनिटांत धावाधाव. म्हणून पहिले काही आठवडे मुगाची खिचडी आणि ताक, सहकारी हसले तर हसोत.

तर लिहा तुमचं. परत कधी जायचं ते नक्की कुणी ठरवलं, डॉक्टरांनी, शिल्लक रजेने, पैशाने की घरच्यांनी? प्रवास कसा केला, तिथे काय सांगितलं? औषधं कुणी सुचवू नका प्लीज, त्याला आपापले डॉक्टर आहेत.

दुपारचा चहा

इथे नाव दिसत नाही म्हणून लिहितोय. भगंदर, म्हणजे गुदद्वाराशेजारी आतून बाहेर पडलेला पू वाहणारा मार्ग. हिंजवडीत आयटी. मॅनेजरला "मायनर सर्जरी" एवढंच कळवलं होतं, तर ह्या बाईंनी टीम कॉलवर सगळ्यांसमोर प्रेमाने विचारलं, कसली हो? मी म्हटलं, कंबरेची. तेव्हापासून टीममधले दोघंतिघं मला कंबरेचे व्यायाम पाठवतायत.

माझं क्षारसूत्राने केलं. औषध लावलेला दोरा त्या मार्गातून ओवून बांधतात आणि आठवड्याला बदलतात, जुन्याच्या टोकाला नवा बांधून ओढून घेतात, तो हळूहळू कापत जातो आणि मागून भरत येतं. म्हणजे ऑपरेशन झालं, बरा झालो, ऑफिसला गेलो असा सरळ हिशोब यात नाहीच, दोरा आत असतानाच कामाला जायचं असतं. ज्या दिवशी बदलला त्या दिवशी घरून काम, दुसऱ्या दिवशीपासून ठीक. बायकोची सॅनिटरी पॅड्स वापरली, त्याला पर्याय नाही, पुरुषांनी लाजू नये, पँटवर डाग पडण्यापेक्षा बरं. रोज दोनतीनदा कोमट पाण्याच्या टबात बसायचं, ऑफिसात ते शक्य नाही म्हणून सकाळी निघायच्या आधी आणि आल्या आल्या. बसून काम करण्यापेक्षा बस भयंकर, वाकड ते फेज थ्री मधले सगळे स्पीडब्रेकर मला तोंडपाठ आहेत. रोजच्या स्टँडअप मीटिंगला उभं राहायला आवडणारा कंपनीतला मी एकमेव माणूस असेन.

सहावी खिडकी

मुलीबद्दल लिहिते. बारावी सायन्स, जानेवारीत स्कूटीवरून पडली, उजव्या मनगटात प्लेट बसवली. बोर्ड फेब्रुवारीत. डॉक्टर म्हणाले बोटं हलवत राहा पण तीन तास पेन धरणं विसरा. मग लेखनिक. कॉलेजमार्फत विभागीय मंडळाकडे अर्ज, सोबत डॉक्टरांचं सर्टिफिकेट, लेखनिक खालच्या वर्गातला हवा. शेजारची दहावीतली मुलगी तयार झाली पण तिची स्वतःची बोर्डाची परीक्षा, शेवटी ओळखीतली नववीतली मिळाली, गुणी पोर, अक्षर सुंदर.

आम्हाला वाटलं सुटलो. खरी गंमत सरावाला बसल्यावर. नववीच्या मुलीला इंटिग्रेशनचं चिन्ह माहीत नाही, ग्रीक अक्षरं माहीत नाहीत. लेक सांगते "थीटा", ती लिहिते मराठीत थीटा. मग दोघींनी बसून चिन्हांचा तक्ता केला, नागमोडी उभी रेघ म्हणजे इंटिग्रेशन, पोटात आडवी रेघ असलेला शून्य म्हणजे थीटा, आणि "कंस सुरू, कंस बंद, आता नवीन ओळ" असं बोलायची सवय लावली. तोंडाने गणित सांगताना पुढची पायरी डोक्यात धरून ठेवावी लागते, हात लिहीत असताना तो विचार आपोआप होतो हे तेव्हा कळलं. केमिस्ट्री बरी गेली, गणितात वेळ पुरला नाही. कॉलेजात प्रॅक्टिकलला मात्र सगळे सांभाळून घेणारे भेटले. ज्यांच्या मुलांवर अशी वेळ येईल त्यांनी लेखनिक मिळाल्या दिवसापासून सराव सुरू करा, ओळख परीक्षेच्या हॉलमध्ये करायची वस्तू नाही ती.

दादर पूर्व

गुडघ्याचं लिगामेंट, कुबड्या, लोकल. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी, फिजिओने एवढं पाठ करून घेतलं आणि खरंच तेवढंच कामाला आलं. साहेबांशी भांडून अकरा ते सात करून घेतलं, बाकी काही जमलं नसतं तरी चाललं असतं. गर्दीत लोक वाट देतात हो, पण मागचा ढकलतोच.

शाळामास्तरीण

जिल्हा परिषद शाळा, दोनशिक्षकी. गर्भाशय काढलं, पोट उघडून, गाठी मोठ्या होत्या. आमच्याकडे वैद्यकीय कारणासाठी परावर्तित रजा मिळते, पगार पूर्ण, पण अर्धवेतनी रजेच्या खात्यातून दुप्पट दिवस वजा होतात. खात्यावर वर्षाला वीसच दिवस जमा होतात, म्हणजे वर्षभराच्या शिलकीत पूर्ण पगाराचे दहा दिवस. मी बरीच वर्षं साठवून ठेवली होती म्हणून निभावलं. नव्या शिक्षिकांनो, किरकोळ तापाला ती उधळू नका.

फिटनेस सर्टिफिकेट दिल्याशिवाय हजर होता येत नाही, ते दिलं की मात्र तुम्ही शंभर टक्के फिट. मधलं काही नसतंच. रुजू झाले त्याच आठवड्यात पोषण आहाराचा तांदूळ आला, पन्नास किलोची पोती, ड्रायव्हर दारात टाकून निघून गेला. दुसरे सर ट्रेनिंगला. मी पोत्यांकडे बघत उभी. सातवीतली दोन पोरं म्हणाली बाई तुम्ही बसा, आणि पातेलं घेऊन तांदूळ थोडा थोडा आत नेऊन रिकामा केला, तासभर लागला, त्या दिवशी गणिताचा तास तोच समजा, किती पातेली झाली ते फळ्यावर मांडलं. वजन उचलायचं नाही हे डॉक्टर सांगतात, पण बाईच्या आयुष्यात वजन म्हणजे फक्त पोतं नसतं, पाण्याची कळशी, कुकर, झोपलेलं नातवंड सगळं त्यातच येतं. एसटीत शेवटची सीट चुकूनही घेऊ नका. खोकला आला की पर्स पोटाशी घट्ट दाबून धरायची, टाक्यांवर ताण कमी येतो.

वाढं

बाईंचं वाचून लिहावंसं वाटलं. मी बीडकडची, आता बीएस्सी नर्सिंगला आहे. माझी माय ऊसतोड करायची. तिचं पण तेच ऑपरेशन झालं, तिशी ओलांडली होती फक्त. अंगावरून पांढरं जायचं, पोटात दुखायचं, खाजगी डॉक्टर म्हणाला पिशवी काढून टाका नाहीतर कॅन्सर होईल. तपासणी कसली केली ते तिला आजही सांगता येत नाही.

आमच्याकडे रजा नसते, खाडा असतो. नवराबायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराकडून, दोघांच्या नावावर उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली, एकानं दिवस बुडवला की खाडा पडतो, कुठे पाचशे कुठे जास्त, तो उचलीत धरतात. ऑपरेशनचा खर्च पण परत उचल घेऊनच केला. म्हणजे कामावर परत कधी जायचं हे आधीच ठरलेलं होतं, ट्रॅक्टर निघायचा दिवस. माय टाके निघाल्यावर थोड्याच दिवसांत सांगली भागात फडावर गेली. पोटाला जुनं लुगडं आवळून बांधायची. वाकून ऊस तोडायची, मोळ्या बांधायची, पण मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढवायचं तिला जमेना, ते बाप एकटा करायचा, त्यामुळे टनामागे पैसे कमी पडले आणि पुढच्या वर्षाला फिटलेली नव्हती ती उचल घेऊन परत गेलो. मी तेव्हा लहान, खोपीवर भावाला सांभाळायचे, वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकायला बसायचे.

२०१९ मध्ये सरकारच्या समितीने बीडमधल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी केली, त्यात १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. आमच्या वस्तीवरच्यांना ह्या आकड्याचं काही वाटलं नाही, प्रत्येक घरात एक होतीच. नर्सिंगला आल्यावर वॉर्डात अशाच ऑपरेशनच्या पेशंटला सिस्टर समजावतात, सहा आठवडे जड उचलायचं नाही, विश्रांती घ्या, आणि मी शेजारी उभी राहून चार्ट भरत असते. एखादी बाई मान हलवते ना, तेव्हा मला कळतं ही ऐकतीय पण करणार नाही. मी आता त्यांना विचारते, घरी पाणी कोण भरतं? तिथून बोलणं सुरू होतं.

पावटा

वाढं, आई आता कशा आहेत?

वाढं

कंबर आणि गुडघे गेलेत, बाकी बरी आहे. फडावर जात नाही आता. पिशवीबरोबर बीजांडकोष पण काढला होता का ते कागदावर नीट लिहिलेलं नाही, तो गेला असेल तर हाडं लवकर ठिसूळ होतात, म्हणून आमच्या मॅडमना विचारून हाडांची तपासणी करून घ्यायचीय.

चाकण लाईन टू

हर्नियाला जाळी बसवली. ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा, होतं म्हणून वाचलो, आजारपणाच्या सुट्टीत पगाराच्या सत्तर टक्के मिळतात, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. महिन्याच्या पगाराची मर्यादा २१ हजार आहे तेवढी बघा, त्याच्यावर असाल तर नाही. डॉक्टरने परत जाताना लिहून दिलं, काही आठवडे हलकं काम. सुपरवायझरने कागद वाचला, घडी करून खिशात घातला आणि म्हणाला आपल्याकडे हलकं काम कुठलंय सांग, तिथे बसवतो. आणि खरंच नव्हतं. शेवटी जुन्या ऑपरेटरने त्याचं इन्स्पेक्शन टेबल मला दिलं आणि तो माझ्या जागी लोडिंगला गेला. कंपनीने काही केलं नाही, त्याने केलं. वाढंताई, उचल कागदावर असते का?

वाढं

नाही हो दादा, मुकादमाच्या वहीत. आणि वही त्याच्याकडे.

म्युनिकची माऊली

मणक्याच्या गादीचं ऑपरेशन. वाचताना फार विचित्र वाटतंय कारण इथे जर्मनीत उलटीच तऱ्हा, पहिले सहा आठवडे कंपनी पूर्ण पगार देते, पुढे विमा कंपनी कापाकापीच्या आधीच्या पगाराच्या सत्तर टक्क्यांपर्यंत देते. आणि परतायचं म्हणजे एकदम नाही, त्याला हॅम्बुर्ग मॉडेल म्हणतात, डॉक्टर तक्ता करून देतात, आधी रोज दोन तास, मग चार, मग सहा. तोपर्यंत तुम्ही कागदावर आजारीच असता, पैसे विम्याकडून. दोन तास झाले की बॉस स्वतः येऊन सांगायचा, घरी जा. पुण्याहून आई फोनवर, दोन तासांसाठी कशाला जातेस बाई, लोक काय म्हणतील! माझ्या मते चाकणवाल्या दादांच्या सुपरवायझरला असा तक्ता असता तर त्यालाही सोपं गेलं असतं, त्याच्या हातात तरी काय होतं.

टाकेवाला

सर्जरीत रेसिडेंट आहे, घाईत लिहितोय. स्कूटर-गाडी सुरू करण्याआधी बंद गाडीत बसून ब्रेक जोरात दाबून बघा, पोटात कळ आली तर अजून थांबा. एक पोटरी अचानक सुजली, दुखली, किंवा दम लागला तर ऑफिस नाही, थेट हॉस्पिटल. ताप, टाक्यातून पाणी, पू, तेच. आणि सर्टिफिकेट घेताना तुम्ही नक्की काय काम करता ते तोंडाने सांगा, ओपीडीत आम्ही विचारायचं विसरतो, "नोकरी" एवढंच लिहिलेलं असतं, त्यात बसणारा पण येतो आणि पोती उचलणारा पण.

दुपारचा चहा

डॉक्टर, कंबरेच्या व्यायामाचे व्हिडिओ अजून येतायत, त्यावर काही उपाय?