उपाशी पोटी भूल देऊनही पोटातील द्रव फुप्फुसात कसा जातो?

रामबागवासी (इंदूर):
माझ्या आत्याला (वय ६८, जुना मधुमेह) आतड्यात अडथळा निर्माण झाल्यामुळे येथील एका खाजगी रुग्णालयात तातडीने शस्त्रक्रिया करावी लागली. आदल्या रात्रीपासून तिने पाण्याचा घोटही घेतला नव्हता. तरीही भूल देताना पोटातील हिरवट द्रव वर येऊन श्वासनळीत गेला आणि काही दिवस तिला व्हेंटिलेटरवर ठेवावे लागले. आता ती घरी आहे. पण पोट रिकामे असताना एवढे पाणी आले कुठून? स्टिरॉइड दिले असते तर फुप्फुस लवकर सुधारले असते, असे एक नातेवाईक सांगतात, ते खरे का? शिवाय पुढच्या महिन्यात आईचे पित्ताशय काढायचे आहे आणि ती मधुमेहासाठी आठवड्यातून एकदा सेमाग्लुटाइडचे इंजेक्शन घेते.

निवृत्त भूलतज्ज्ञ:
उपास हा निरोगी पोटाचा नियम आहे. लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा आणि आतड्यांचा रस मिळून दिवसाला सात-आठ लिटर द्रव शरीर स्वतःच तयार करते, आणि एरवी त्यातील बहुतेक आतडे शोषून घेते. पुढची वाट बंद झाली की हा द्रव मागे साचतो, मग रुग्णाने कितीही तास काही खाल्ले-प्यायले नसले तरी. नाकातून रायल्स ट्यूब घालून तो उपसतात, पण सगळा निघेलच याची खात्री नसते. भूल चढताच जठराच्या तोंडाची पकड सैल होते, खोकल्याची प्रतिक्रिया नाहीशी होते, आणि श्वासनळीत फुगा असलेली नळी बसेपर्यंतचे क्षण धोक्याचे असतात. म्हणून अशा रुग्णाला आधी भरपूर प्राणवायू देऊन, झटपट काम करणारी औषधे वापरून नळी बसवतात. या वेळी द्रव वर येऊ नये म्हणून गळ्यावरील कूर्चेवर (मऊ हाडावर) दाब देण्याची युक्ती ब्रिटिश भूलतज्ज्ञ सेलिक यांनी १९६१मध्ये सुचवली. तिच्या उपयोगाबद्दल आजही मतभेद आहेत, आणि माझ्या मते ते रास्त आहेत. सर्व काळजी घेऊनही असे घडू शकते, त्यामुळे केवळ द्रव फुप्फुसात गेला म्हणून हलगर्जीपणा झाला, असे म्हणता येत नाही.

१९४६मध्ये अमेरिकी प्रसूतितज्ज्ञ कर्टिस मेंडेलसन यांनी प्रसूतीच्या वेळी भूल दिलेल्या स्त्रियांमधील अशा ६६ घटना नोंदवल्या आणि सशांवरील प्रयोगांतून दाखवले की खरा घात जठरातील आम्ल करते. ते फुप्फुसातील वायुकोशांना (हवेच्या सूक्ष्म पिशव्यांना) भाजते. काही तासांत तेथे पाणी झिरपते आणि प्राणवायू कमी पडतो. हा दाह मुळात जंतूंचा नसल्याने प्रतिजैविके सरसकट देत नाहीत. मात्र आतड्यातील अडथळ्यात साचलेल्या द्रवात जंतू वाढलेले असतात, म्हणून आत्याबाईंसारख्या रुग्णांत ती लवकर सुरू करणे योग्य ठरते. स्टिरॉइड पूर्वी पुष्कळ देत असत. त्यांचा फायदा सिद्ध झालेला नाही. मुख्य उपचार म्हणजे श्वासनळीतील द्रव ओढून काढणे, प्राणवायू आणि गरज पडल्यास व्हेंटिलेटर.

सुदामानगरची परिचारिका:
आईंबद्दल सांगते. सेमाग्लुटाइडमुळे जठर उशिरा रिकामे होते, हे भूलतज्ज्ञांना आत्ताच कळवा. शस्त्रक्रियेच्या टेबलावर नव्हे. अमेरिकेतील भूलतज्ज्ञांच्या संघटनेने २०२३मध्ये साप्ताहिक इंजेक्शन आठवडाभर आधी थांबवण्यास सुचवले होते. ती संघटना आणि इतर वैद्यकीय संघटना यांच्या २०२४च्या संयुक्त सूचनांत मात्र प्रत्येकाची जोखीम पाहून ठरवावे आणि जोखीम जास्त असल्यास आधीचे २४ तास द्रव आहारच द्यावा, असे म्हटले आहे. मळमळ किंवा पोट गच्च वाटणे असेल तर तेही सांगावे. शंका वाटल्यास सोनोग्राफीने जठरात काही उरले आहे का, ते पाहता येते. मधुमेहाचे औषध स्वतःच्या मनाने बंद करू नका.

एरवी साधे पाणी दोन तास आधीपर्यंत चालते, हलका आहार सहा तास, तळलेले असल्यास आठ किंवा अधिक. आपल्या इंदूरकरांना आदल्या रात्री सराफा बाजारातले गराडू (तळलेला कंद) सोडवत नाहीत, आणि दुधाच्या चहाला तर कोणी खाण्यात धरतच नाही; उपाशीपोटी म्हणून दाखल झालेले रुग्ण पहाटेचा तोच चहा विचारल्याशिवाय सांगत नाहीत.

रामबागवासी:
आभारी आहे. आईची इंजेक्शनची चिठ्ठी आणि शेवटच्या डोसची तारीख सोमवारी भूलतज्ज्ञांना दाखवतो.