बंदरं वाढली की दोन नंबरचा धंदा कमी होतो का?

रत्नागिरीची_पोर:
एमकॉमच्या प्रोजेक्टला समांतर अर्थव्यवस्था आणि सागरी उद्योग असा विषय घेतलाय. सर म्हणतात मोठी बंदरं आली की व्यवहार कागदावर येतात, दोन नंबरचं आपोआप आटतं. पण जयगडचं बंदर २००९ पासून चालू आहे आणि इकडे मिरकरवाड्याला होड्या लागल्या की अजूनही ढीगभर मासळी नुसत्या वहीवर लिहून जाते, बिल कुठेच नाही. दोन्ही एकदम कसं काय वाढतं?

हर्णै_तांडेल:
पोरी, बंदर कोणाचं ते आधी बघ. कंटेनरला कस्टम, स्कॅनर सगळं आहे, आमच्या बोटीला काय आहे? नारळी पौर्णिमेनंतर बोट लोटायची तर डिझेल, बर्फ, जाळी, खलाशांची उचल, सगळे पैसे आधी लागतात, बँक वेळेवर देत नाही म्हणून दलालाकडून घ्यायचे, मग मासळी त्यालाच घालायची आणि भाव पण तोच बोलणार. पावती मागितली तर पुढच्या सीझनला पैसे नाहीत. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात माझी बोट फुटली, दुरुस्तीला कर्ज मागायला गेलो तर साहेब म्हणाले तीन वर्षांचं उत्पन्न दाखवा. तीस वर्षं दर्यात जातोय, दाखवायला एक चिठ्ठी नव्हती. बायकोच्या पाटल्या मोडल्या तेव्हा बोट उभी राहिली.

श्रीवर्धनकर_आजोबा:
तांडेल बरोबर बोलले. जुनी गोष्ट पण लिही बाळ. १९६८ ला सुवर्ण नियंत्रण कायदा आला, सोन्याची मागणी काही कमी झाली नाही, मग दुबईचं सोनं रात्री आमच्या किनाऱ्यांवर उतरायला लागलं. १९९० ला कायदा गेला, पण उतरवायच्या जागा, माणसं आणि पैसे घेऊन डोळेझाक करायची सवय तशीच राहिली. १९९३ च्या सुरुवातीला त्याच वाटेने दिघी आणि शेखाडीला स्फोटकं उतरली आणि १२ मार्चला मुंबईच्या बॉम्बस्फोटांत २५७ माणसं गेली. नुसता कर बुडाला एवढ्यावर हा विषय संपवू नकोस, कळकळीने सांगतो.

गुहागर_सेकंड_इंजिनिअर:
जहाजावरचं मी सांगतो. २०२२ नंतर रशियन तेलावर निर्बंध आले आणि जुन्या टँकरना पुन्हा भाव आला, झेंडा म्हणजे जहाजाच्या नोंदणीचा देश बदलतात, ट्रॅकिंग बंद ठेवतात, विमा खरा की खोटा कळत नाही. निर्बंध असूनही तेल विकायचं होतं म्हणूनच ही छुपी जहाजं वाढली, आणि त्यावर काम करायला पोरं लागतात. आपल्याकडची पोरं लायसन्स नसलेल्या एजंटला लाखो रुपये देऊन चढतात, खरं तर नोकरी लावायचे पैसे घेणंच बेकायदा आहे. माझ्या चुलतभावाचा सात महिन्यांचा पगार अडकला, मालक कोण तेच सापडेना. कोणी जाणार असेल तर डीजी शिपिंगच्या, म्हणजे जहाज वाहतुकीच्या सरकारी खात्याच्या, साइटवर एजंटचा आरपीएसएल नंबर (खलाशी भरतीच्या लायसन्सचा नंबर) आधी बघा, प्लीज.

रत्नागिरीची_पोर:
काका, आजोबा, दादा, खूप आभार. म्हणजे पैसा, परवाना, नोकरी, जे सरळ वाटेने वेळेवर मिळत नाही तिथे आडवाट तयार होते, बंदर कितीही मोठं होवो. तेच धरून लिहिते. तांडेलकाका, दलालाची वही कशी लिहितात ते बघायला मिळेल का?

हर्णै_तांडेल:
वही कोणी दाखवणार नाही. संध्याकाळच्या लिलावाला ये, माझ्या बाजूला उभी राहा, बोललेला भाव आणि माझ्या हातात पडलेले पैसे दोन्ही तूच लिहून घे.