किनारा शिकवायचा तर पहिलं सत्र संगणक बंद ठेवा

पुळणवाला
पदव्युत्तर वर्गाला किनारी भूगोल आणि आपत्तीशास्त्र शिकवतो. यंदा तोंडी परीक्षेत एका हुशार मुलीने नकाशा मांडला: वीस वर्षांत पुळण, म्हणजे समुद्रकाठचा वाळूचा पट्टा, ४० मीटर मागे हटली. रंग सुरेख, तक्ते चोख. मी विचारलं, दोन्ही उपग्रहचित्रं टिपली तेव्हा भरती होती की ओहोटी? ती गप्प. हा प्रश्न असू शकतो हेच तिला कुणी सांगितलं नव्हतं.

पुळणीचा उतार ५० मीटरला १ मीटर असेल, तर पाणी मीटरभर चढलं-उतरलं की पाण्याची कड ५० मीटर सरकते. म्हणजे तिची वीस वर्षांची धूप एका ओहोटीत मावत होती. दोष तिचा नाही, आमचा.

म्हणून माझं म्हणणं: पहिलं सत्र संगणक बंद. दीड-दीड मीटरच्या दोन काठ्या, त्यांवर सेंटीमीटरच्या खुणा आणि तेवढ्याच लांबीची दोरी. एक काठी पाण्याच्या बाजूला, दुसरी तिच्या मागे. मागच्या काठीपाशी वाकून पुढच्या काठीचं टोक आणि क्षितिज एका रेषेत आणायचं. ती रेषा मागच्या काठीला टोकापासून जितकी खाली कापेल, तितका उतार. के. ओ. एमरी यांनी १९६१ मध्ये मांडलेली रीत, खर्च जवळजवळ शून्य. वारा सुटला की दोरीला झोळ पडतो, धुकं आलं की क्षितिज गायब. मधेच वाळूचा उंचवटा आला की सगळं उलटं, वाचन पुढच्या काठीवर घ्यावं लागतं. तिथे मुलं एकमेकांशी भांडतात. ते भांडण कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये होत नाही.

रास्टर
सर, काठ्यांशी माझं वैर नाही, पण निष्कर्ष पटला नाही. भरतीची दुरुस्ती शिकवली नव्हती, ही चूक शिकवणाऱ्याची. त्याची शिक्षा संगणकाला का? मी हेच संगणकावर शिकवतो. एकाच पुळणीची, एकाच महिन्यातली चार चित्रं देतो आणि 'धूप मोजा' म्हणतो. चार वेगळी उत्तरं आली की वर्ग आपोआप जागा होतो.

आणि विषयाचं अर्धं नाव आपत्तीशास्त्र आहे. आपत्ती काही तुमच्या सहलीच्या दिवशी येत नाही. 'शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर' म्हटलं की मुलं समजतात, आता येऊन गेला, पुढची नव्व्याण्णव वर्षं निवांत. त्याचा खरा अर्थ दरवर्षी १ टक्का शक्यता. तीस वर्षं त्याच घरात राहाल तर एकदा तरी गाठ पडण्याची शक्यता २६ टक्के. हे कुठल्या पुळणीवर दिसतं? कागदावर नाहीतर पडद्यावरच दिसतं.

शिवाय ज्यांना वाळूत चालता येत नाही, त्यांनी पहिलं सत्र काय करायचं?

ओहोटी
रास्टर, तुमचा १ टक्का कशाच्या जोरावर? भरतीमापकाच्या जुन्यात जुन्या सलग नोंदी दोन-तीनशे वर्षांच्या, बहुतेक ठिकाणी त्याहून कितीतरी कमी. हजार वर्षांतून येणारी लाट त्यात सापडायची कशी?

जपानात सेंदाईच्या मैदानात तिची खूण शेतजमिनीखाली सापडली. इ. स. ८६९ च्या जोगान त्सुनामीने समुद्रातून आत आणलेली वाळू, काळ्या मातीत फिकट पट्टीसारखी. संशोधकांनी खड्डे खणले, नळ्या ठोकून माती वर काढली, थर मोजले आणि २०११ च्या बऱ्याच आधी ते छापलंही. ज्याने वाळू बोटांत चुरून पाहिलेली नाही, त्याला ती पट्टी दिसली तरी कळणार नाही.

रास्टर
मान्य. छापलं होतं, आणि तरीही ११ मार्च २०११ ला तिथे पुन्हा त्सुनामी आली आणि जे व्हायचं ते झालंच. थर सापडणं आणि त्यावरून काहीतरी ठरणं, यात बरंच अंतर असतं.

भोंगा
त्या अंतरावरच मी काम करतो, म्हणून मधे तोंड घालतो. तुम्ही दोघंही वाळूचं आणि पाण्याचं बोलताय. माणसं मरतात ती बऱ्याचदा वाक्यामुळे.

त्याच दिवशी जपानच्या हवामान संस्थेने हादऱ्यानंतर तीन मिनिटांत इशारा दिला. इवाते प्रांतासाठी लाटेच्या उंचीचा आकडा होता ३ मीटर, कारण भूकंपाचा पहिला अंदाजच फार कमी निघाला. पुढच्या पाऊण तासात तो १० मीटरच्या वर नेला, पण तोवर ठिकठिकाणी वीज गेलेली, सुधारित इशारा अनेकांपर्यंत पोहोचलाच नाही. तारो गावाला १० मीटर उंच भिंत होती. ३ मीटर ऐकल्यावर भिंतीआडचा माणूस काय करेल? २०१३ पासून त्या संस्थेने पद्धत बदलली: फार मोठा भूकंप असेल तर पहिल्या इशाऱ्यात आकडा द्यायचाच नाही, 'प्रचंड' असा शब्द द्यायचा. हा बदल मी एक अख्खा तास शिकवतो.

दुसरं, हैयान वादळ, नोव्हेंबर २०१३, फिलिपिन्स. इशाऱ्यात 'स्टॉर्म सर्ज' हे शब्द होते, म्हणजे वादळाने किनाऱ्यावर चढवलेलं समुद्राचं पाणी; अनेकांना त्यांचा अर्थच लागला नाही. नंतर लोक म्हणाले, त्सुनामी म्हटलं असतं तर पळालो असतो. आता मला मराठीत सांगा, स्टॉर्म सर्जला काय म्हणाल? 'उधाण' म्हणालात तर ऐकणाऱ्याला अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती वाटेल, जी तो महिन्यातून दोनदा बघतो.

पुळणवाला
भोंगा, हे आवडलं, पण ते भाषेच्या किंवा पत्रकारितेच्या विभागाकडे का जाऊ नये? आमच्याकडे तास मोजकेच.

उलट तुमचा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे. इंडोनेशियातल्या सिमेलुए बेटावर १९०७ च्या लाटेनंतर 'स्मोंग'ची, म्हणजे तिथल्या भाषेत त्सुनामीची, गोष्ट घरोघरी सांगितली गेली: जोराचा हादरा बसला, पाणी मागे गेलं, की डोंगर गाठा. २००४ च्या त्सुनामीत भूकंपाच्या केंद्राच्या इतक्या जवळ असूनही तिथे अगदी मोजके लोक दगावले. त्याच दिवशी थायलंडमध्ये फुकेतला टिली स्मिथ या दहा वर्षांच्या मुलीने फेसाळलेलं पाणी ही त्सुनामीची खूण म्हणून ओळखलं, कारण दोनच आठवड्यांपूर्वी भूगोलाच्या तासाला ते शिकली होती. बघायला शिकवा, बाकीचं मागून येतं.

रास्टर
ही उदाहरणं प्रत्येक परिषदेत निघतात, आणि अर्धीच निघतात. तीच लाट सुमारे सात तासांनी सोमालियाला पोहोचली आणि तिथे शेकडो माणसं गेली. सोमालियात हादरा जाणवलाच नव्हता. तिथे स्मोंग काय कामाची? त्यांना हवं होतं ते दूरवरचं भूकंपमापक, समुद्रातलं मापक, लाट कधी पोहोचेल सांगणारं प्रारूप आणि ते ऐकवणारी यंत्रणा. सात तास हाताशी होते हो!

झोळ
मी शिकवणाऱ्यांपैकी नाही, शिकून बाहेर पडलेला. आमच्याही विभागात काठ्या होत्या. साठ मुलं आणि काठ्यांची एकच जोडी. चौघं मोजायची, बाकीची सेल्फी काढायची, आणि परतताना बसमध्ये सगळ्या वह्यांत तेच आकडे. वर्षातून एकदा. एका छेदावरून, म्हणजे पुळणीच्या उताराच्या एका आलेखावरून, कळतं काय? आज पुळण अशी आहे, एवढंच. वादळी लाटा वाळू ओढून बाहेर पाण्याखालच्या वाळूच्या दांड्यात नेतात, शांत दिवसांत तीच परत येते, हे कळायला त्याच रेषेवर पुन्हा पुन्हा जावं लागतं. सर, संगणक बंद करण्याआधी तेवढं जमतंय का पाहा.

बाकी एक. २०२० मध्ये एका शोधनिबंधाने म्हटलं की शतकाअखेर जगातल्या निम्म्या वालुकामय पुळणी नाहीशा होऊ शकतात. त्याच वर्षी दुसऱ्या गटाने उत्तर दिलं: मागे सरकायला जागा असेल तर पुळण टिकते. दोन्ही एकाच आठवड्यात वाचायला दिले असते, तर मी हा विषय सोडला नसता.

पुळणवाला
झोळ, बसमधल्या वह्या आमच्याकडेही होतात. लिहिताना सोयीस्करपणे विसरलो. अख्ख्या सत्राचा हट्ट सोडतो. एकच रेषा, दर पंधरा दिवसांनी, पाच-पाच जणांचे गट, आणि त्याच दिवसाचं उपग्रहचित्र मिळालं तर शेजारी ठेवून. चालता न येणाऱ्यांचा प्रश्न रास्टर यांनी योग्य काढला. वाचन नोंदवणं आणि छेद काढणं हे काठी धरण्याइतकंच महत्त्वाचं, पण एवढ्याने तो सुटत नाही.

भोंगा, तुमच्या प्रश्नावर स्टॉर्म सर्जचा इशारा मराठीत मीच लिहून बघितला: 'वादळामुळे समुद्राचे पाणी ३ मीटरपर्यंत चढण्याची शक्यता. सखल भागातील नागरिकांनी सतर्क राहावे.'

भोंगा
३ मीटर कुठून मोजायचे? भरतीच्या खुणेपासून की माझ्या उंबऱ्यापासून? सखल म्हणजे माझं घर की शेजाऱ्याचं? आणि सतर्क राहून मी नेमकं करू काय? पुन्हा लिहा, सर.