प्रतिसाद: रिफ्रेश यशस्वी, तरी १२ तारखेनंतरची विक्री गायब

पॉवर बीआय (मायक्रोसॉफ्टचं रिपोर्ट बनवायचं साधन) मध्ये रिफ्रेश यशस्वी होऊनही १२ तारखेनंतरची विक्री दिसत नाही, असा मूळ प्रश्न आहे. त्यावर गेटवे (आपल्याकडचा डेटा ऑनलाइन रिपोर्टला जोडणारा दुवा) आणि आरएलएस (कोणाला कोणत्या ओळी दिसाव्यात याचे नियम) तपासायचं इतरांनी सुचवलंय, पण कार्डावरची (एकच आकडा दाखवणाऱ्या चौकटीतली) एकूण बेरीज बरोबर आणि महिन्याच्या चार्टमध्येच १३ तारखेपासून पुढचं काही नाही, म्हणजे मला तरी संशय तारखेच्या कॉलमचाच येतो.

सीएसव्हीत (ज्या साध्या मजकूर-फाइलमधून डेटा येतो तिच्यात) तारीख दिवस-महिना-वर्ष आहे आणि पॉवर बीआयच्या फाइलचं लोकेल (तारखा कोणत्या देशाच्या पद्धतीने वाचायच्या ती सेटिंग) अमेरिकन असेल, तर १३/०४/२०२४ मध्ये तेरावा महिना शोधला जातो. तिथे एरर येते, आणि लोड होताना एररची जागा कोरी राहते. ओळ मॉडेलमध्ये (रिपोर्टमागच्या डेटात) असते, फक्त तारखेविना. त्याहून वाईट म्हणजे ०५/०४ गुपचूप ४ मे होतो, तेव्हा दिसणारे आकडेही खरे धरू नका.

पॉवर क्वेरीत (पॉवर बीआयचा डेटा साफ करायचा भाग) आपोआप आलेली 'चेंज्ड टाइप' पायरी आधी काढा. ती राहिली तर पुढचं सगळं व्यर्थ. मग कॉलमवर राइट क्लिक, चेंज टाइप, युझिंग लोकेल, तारीख, इंग्लिश (इंडिया). खाली स्टेटस बारमध्ये प्रोफाइलिंग (कॉलममधल्या एरर आणि कोऱ्या जागांची मोजणी) पहिल्या १००० ओळींवरच असतं, ते पूर्ण डेटासेटवर करा, नाहीतर पुढच्या एरर दिसणारच नाहीत.

'आजची विक्री' पहाटे चुकीची दिसते ती भानगड वेगळी. पॉवर बीआयच्या ऑनलाइन सर्व्हिसमध्ये टुडे() हे आजची तारीख देणारं फंक्शन यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) चालतं, त्यामुळे आपल्याकडे पहाटे साडेपाचपर्यंत कालचीच तारीख. त्याऐवजी यूटीसीनाऊ() (यूटीसीची आत्ताची तारीख-वेळ) मध्ये ५ तास ३० मिनिटं मिळवा आणि त्यातली फक्त तारीख घ्या.