मदत हवी आहे: रोज ८ किमीसाठी पेट्रोल स्कूटर काढून इलेक्ट्रिक घेतली तर प्रदूषण खरंच कमी होईल का?

स्कूटर २०१९ ची, ११० सीसी, मायलेज ४५, तब्येत ठणठणीत. वीज महावितरणची, सोसायटीच्या गच्चीवर नेट मीटरिंगवालं सोलर आहे (जास्तीची वीज ग्रिडला जाते, तेवढी बिलातून वजा होते). पैशाचं गणित नको, धुराचं हवंय. रात्री चार्ज केली तर सोलरचा फायदा मिळतो का? आणि बॅटरी एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) बरी की एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट)?

प्रतिसाद १ (किलोवॅट)
शोरूममधलं 'झिरो एमिशन'चं स्टिकर बाजूला ठेवा. १०० किमीला पेट्रोल साधारण २.२ लिटर. लिटरमागे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड म्हणजे ५ किलो, रिफायनरीचा वाटा धरून ६. इलेक्ट्रिकला तेवढ्याच अंतराला प्लगपाशी ३.५ युनिट लागतात. ग्रिडची वीज युनिटला ०.७ किलोच्या आसपास, तारांमधली गळती धरून ०.८ पकडा. झाले २.८ किलो. १०० किमीला वाचले जेमतेम ३ किलो.

आता ३ युनिटची बॅटरी बनवतानाच २००-३०० किलो कार्बन डायऑक्साइड आधीच हवेत गेलेला असतो. तो फिटायला ७ ते १० हजार किमी. तुमचं रनिंग वर्षाला २,९२० किमी, म्हणजे तीनेक वर्षं नुसती उधारी फेडायची, आणि यात बाकीची नवी गाडी धरलेलीच नाही. गल्लीतला धूर पहिल्या दिवसापासून थांबेल हे खरं, पण त्यातला काही चंद्रपूर-कोराडीच्या कोळशाच्या वीजकेंद्रांच्या धुराड्यातून निघेल. रोज ४० किमी जाणाऱ्याची तीच उधारी सात-आठ महिन्यांत फिटते. बिल्डिंगमध्ये तसं कोणी असेल तर आधी त्याने बदलावी.

प्रतिसाद २ (गच्चीवरचं ऊन)
वरच्या हिशोबाला +१. नेट मीटर बिल जुळवतो, कोळसा नाही. पण दुपारी चार्ज केली की सगळं स्वच्छ, असंही नाही. जी वीज गाडीत गेली ती एरवी शेजारच्यांकडे जाऊन तिथला कोळसा वाचवतच होती. फरक पडतो तो एवढाच की भर दुपारी ग्रिडवर सोलर जास्त असतं. स्मार्ट मीटर असेल तर सकाळी ९ ते संध्याकाळी ५ ची सवलतही बघा. उन्हात तापून आलेली गाडी लगेच प्लगला लावू नका, अर्धा-पाऊण तास सावलीत निवू द्या. गरम सेल चार्ज केले की लवकर म्हातारे होतात.

प्रतिसाद ३ (ब्लॅकमास)
एलएफपी. कोबाल्ट नाही, निकेल नाही, म्हणजे काँगोच्या कोबाल्ट खाणींतल्या बालमजुरीचा प्रश्नच मिटला. मात्र त्याच कारणाने रिसायकलवाल्याला त्यातून फारसं काही सुटत नाही आणि तो तोंड फिरवतो. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे, तेव्हा बिलावर पॅकचा नंबर लिहून घ्या. भंगारवाल्याला देऊ नका. पत्रा फोडताना सेलला भोक पडलं की आग आणि विषारी वायू, दोन्ही.

धागाकर्ता
समजलं, स्कूटर ठेवतोय. शेजाऱ्यांची इलेक्ट्रिक आहे, तिचे युनिट मोजून बघतो. कसे मोजायचे?

प्रतिसाद ४ (किलोवॅट)
गाडीच्या स्क्रीनवरून नको. चार्जरमध्ये उष्णता होऊन जाणारे १०-१५ टक्के तिथे दिसत नाहीत. सॉकेट आणि चार्जरच्या मध्ये प्लग-इन वॅटमीटर लावा. फुल चार्ज, मीटर शून्यावर, तीन-चार चार्जमध्ये मिळून २०० किमी, पुन्हा फुल. एकाच चार्जवर मोजलंत तर फसाल, कारण शेवटच्या टप्प्यात सगळे सेल एका पातळीवर आणायला जाणारी वीज कधी जास्त, कधी कमी. आणि एक्स्टेन्शन बोर्ड नको. तासन्‌तास लोड राहिला की ढिली पिन तापून वितळते.