कृष्णाकाठची मळी पुरानंतर ढासळते : काठ कसा राखावा?

मळीकर (प्रश्न)
नमस्कार. पलूस तालुक्यात कृष्णेच्या वळणाच्या बाहेरच्या अंगाला आमची वडिलोपार्जित मळीची, म्हणजे नदीकाठच्या गाळाची, जमीन असून तिच्यात ऊस आहे. २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले, तेव्हाही काठ बराचसा शाबूत होता. मात्र पूर ओसरू लागताच काठाला समांतर भेगा पडल्या आणि उसाच्या सऱ्यांसकट दरडीचे तुकडे पात्रात बसले. २०२१ च्या पुरानंतरही तेच घडले. आता मोटारीची खोली कडेपासून जेमतेम पंधरा फुटांवर आली आहे. एका ठेकेदाराने काँक्रीटची उभी भिंत सुचवली आहे, तर भावकीतल्या काहींचे म्हणणे असे की, पाडकामाचा राडारोडा फुकट मिळतो, तोच काठावरून ओतावा. यांपैकी काय करावे, की तिसराच काही मार्ग आहे?

पाटबंधारे-निवृत्त
काठ पुरात टिकतो आणि पूर उतरताना ढासळतो, यातच आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. पूर चढलेला असताना पाण्याचाच दाब काठाला बाहेरून आधार देतो. नदी झपाट्याने उतरली की हा आधार जातो, पण मातीत मुरलेले पाणी तितक्या लवकर निथळत नाही. त्यामुळे जड झालेली, आतून दाबाखाली असलेली गाळाची माती भेगेपाशी सुटून खाली बसते. त्यातच वळणाच्या बाहेरच्या अंगाला प्रवाह पायथा कोरत असल्याने वरची दरड आधीच अधांतरी झालेली असते. आसपास वाळूउपसा होऊन तळ खाली गेला असेल, तर हे काम आणखी वेगाने होते.

म्हणून काम पायथ्यापासून सुरू करावे लागते. माथ्यावर ओतलेला पैसा नदीत जातो. पाणी कमी असताना, शक्यतो मे महिन्यात, दोरीला वजन बांधून काठालगतची खोली ठिकठिकाणी मोजा, म्हणजे डोह नेमका कुठे सरकला आहे ते कळेल. तेथे तळाशी मोठ्या दगडांचा सैल पट्टा घालावा, जेणेकरून नदीने पुढे तळ कोरला तरी दगड घरंगळून त्या खड्ड्यात बसतील. वरच्या काठाला एकास दोनच्या आसपास (एक उभे, दोन आडवे) उतार देऊन, त्यावर जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारे पण माती अडवणारे कापड) अंथरून मग दगडी पिचिंग (दगडांचे अस्तर) किंवा गॅबियन (दगड भरलेली तारेची जाळी) घ्यावे. कापड वगळल्यास दगडांच्या फटींतून माती धुऊन जाते आणि पिचिंग पोकळ होऊन खचते. दोन मीटर लांब, एक मीटर रुंद आणि तितक्याच उंच जाळीत साडेतीन टनांच्या आसपास दगड बसतो, तेव्हा वाहतुकीचा हिशोब आधी करा. कामाची दोन्ही टोके काठात आतपर्यंत नेली नाहीत, तर नदी बगलेतून मागे शिरते. कोल्हापूर पद्धतीच्या काही बंधाऱ्यांच्या बगला वाहून जातात त्या अशाच.

उथळ पायाच्या उभ्या भिंतीच्या मागे पाणी कोंडते, आणि निचऱ्याची भोके नसतील तर पहिल्या मोठ्या पुरानंतर ती पुढे कलते. राडारोड्याबद्दल तर बोलायलाच नको : तो कडेवर भार वाढवतो आणि प्रवाहात भलतेच भोवरे तयार करतो.

वारणाकाठ
वरील मत मान्य आहे, परंतु दगडाबरोबर हिरवळही हवी. उताराच्या वरच्या भागात वाळ्याच्या ओळी समपातळीत, रोपांत वीतभरापेक्षा कमी अंतर ठेवून, पहिल्या पावसाला लावाव्यात. त्याची मुळे सरळ खोल जातात. पाण्यालगत शेरणी आणि वाळुंज, त्यावर करंज व निर्गुडी ही आपल्याच नदीकाठची झाडे आहेत. बांबू सर्रास सुचवला जातो, पण त्याची मुळे दाट असली तरी फार खोल जात नाहीत. पायथा कोरलेल्या कडेवर लावलेले बेट मातीच्या गड्ड्यासकट नदीत गेलेले मी पाहिले आहे. बांबू मागे, सुरक्षित अंतरावर लावा. आणखी एक : कडेजवळच्या पट्ट्यात उसाला पाटाने पाणी देणे बंद करून ठिबक घ्या, म्हणजे काठ उन्हाळ्यातही भिजत राहणार नाही.

महसूल-कामकाज
काम सुरू करण्यापूर्वी जलसंपदा विभागाकडे लेखी अर्ज करा. निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या आणि लाल पूररेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. आपली मळी निळ्या रेषेच्या आतच असणार, तेव्हा पात्राच्या बाजूचे बांधकाम परवानगीविना केल्यास ते काढावे लागू शकते. शिवाय पात्रात पुढे आलेले काम प्रवाह समोरच्या काठावर लोटते, आणि मग समोरच्या गावाची तक्रार रास्त ठरते. शेजाऱ्यांची सलग लांबी एकत्र धरून ग्रामपंचायतीमार्फत प्रस्ताव दिलेला बरा, कारण एकट्याच्या तुकड्याची टोके नेहमीच कच्ची राहतात.

गेलेल्या जमिनीचा पंचनामा तलाठ्याकडून करून घ्या आणि मोजणीचा नकाशा जवळ ठेवा. नदीने मार्ग बदलून शेतजमीन गेल्यास, आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२-२६ च्या निकषांत अल्प व अत्यल्प भूधारकांना हेक्टरी ४७,००० रुपये मदत आहे. त्यात दगडाच्या गाड्याही येणार नाहीत, तरी नोंद हवीच.

मळीकर
सर्वांचे आभार. भिंत आणि राडारोडा दोन्ही बाजूला ठेवतो. मोटारीची खोली मात्र तोवर टिकेल का?

पाटबंधारे-निवृत्त
खोलीपुढे भेग दिसत असेल तर त्या खोलीवर विसंबू नका. विद्युत पेटी आणि स्टार्टर या पावसाळ्याआधीच मागे उंचावर हलवा. पाइपलाइन वाढवण्याचा खर्च काठाच्या कोणत्याही कामापेक्षा कमी येईल. भेगेत वरून पाणी शिरू नये म्हणून ती मातीने ठासून बुजवा आणि तेथून ट्रॅक्टर नेऊ नका.